ओसाड थांबे : अमेरिकेच्या जुन्या हमरस्त्यावरील पेट्रोलपंप

अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर याने १९४० साली रंगविलेले 'गॅस' नावाचे एक चित्र न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलिन म्हणतात आणि बोलण्यात त्याचे नुसते 'गॅस' होते, हे ध्यानात घेतले म्हणजे नावाचा उलगडा होतो. चित्रात दिवेलागणीची वेळ आहे. रस्त्याच्या कडेला तीन लाल पंप उभे आहेत, उंच खांबावर पंख असलेल्या घोड्याची पाटी आहे, लहानशा पांढऱ्या इमारतीतला उजेड बाहेर सांडला आहे आणि पंपापाशी जाकीट घातलेला एक माणूस काहीतरी करीत उभा आहे. मोटार मात्र एकही नाही. रस्ता पुढे काळोख्या झाडीत नाहीसा होतो. हा पंप हॉपरला कोठे एका जागी दिसलेला नव्हता. निरनिराळ्या पंपांवर पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून त्याने तो रचला. म्हणजे ज्या पंपाची प्रतिमा पुढे असंख्य लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली, तो प्रत्यक्षात कोठेच नव्हता.

अमेरिकेतील जुन्या, बंद पडलेल्या पेट्रोलपंपांविषयी तेथील लोकांना जी ओढ वाटते तिचा विचार करताना हॉपरच्या चित्राची ही हकीकत विसरता येत नाही. गंजलेला पंप, तडे गेलेला चौथरा, छपराखालची उडालेल्या रंगाची पाटी यांची छायाचित्रे काढण्यासाठी माणसे शेकडो मैल मोटार हाकीत जातात. ज्यांतील बहुतेक वास्तूंना पुरती शंभर वर्षेही झालेली नाहीत, ज्या केवळ व्यापारासाठी उभारल्या गेल्या आणि ज्यांच्या जमिनीत अजूनही तेल मुरलेले आहे, त्यांच्याकडे लोकांनी एवढ्या भक्तिभावाने का जावे? या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी पंपाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे १८५९ साली एडविन ड्रेक याच्या विहिरीला तेल लागले, तेव्हा लोकांना हवे होते ते दिव्यात जाळण्याचे तेल. आपल्या 'रॉकेल' या शब्दात 'रॉक ऑइल' म्हणजे खडकातले तेल हा मूळ इंग्रजी शब्द अजून ऐकू येतो. तेल शुद्ध करताना वर येणारे हलके, चटकन पेट घेणारे पेट्रोल कोणाला नको होते. कित्येक ठिकाणी ते नदीनाल्यांत सोडून देत. मोटार आली आणि या टाकाऊ पदार्थाला भाव आला. १८८८ साली बेर्था बेंझ यांनी आपल्या पतीने बनविलेल्या गाडीतून जर्मनीत पहिला लांबचा प्रवास केला, तेव्हा वाटेत इंधन घेतले ते वीसलोख गावच्या औषधांच्या दुकानातून. अमेरिकेतही सुरुवातीला पेट्रोल किराणा दुकानातून किंवा लोहाराकडून डब्याने मिळे आणि नरसाळ्यातून गाळून टाकीत ओतावे लागे. हा उद्योग घाणीचा होता आणि आगीची धास्ती असे ती वेगळीच.

वाटेवरच्या पंपाला रूप आले ते त्यानंतर. १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने पिट्सबर्ग शहरात मोटार आत आणून पेट्रोल भरता येईल असा, वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेतलेला पंप उघडला. पहिल्या दिवशी तेथे ३० गॅलन पेट्रोल खपले, गॅलनला २७ सेंट या दराने. हवा आणि पाणी फुकट होते. रस्त्यांचे नकाशेही कंपनीने लवकरच देऊ केले. खरे पाहता पुढच्या साऱ्या आठवणींचे बीज या फुकटच्या गोष्टींत आहे. विकायचे होते ते पेट्रोल. पण गिऱ्हाईक टिकविण्यासाठी काच पुसून देणे, टायरमधली हवा पाहणे, वंगणतेलाची पातळी तपासणे, रस्ता सांगणे हे सारे त्याच्या जोडीला आले आणि आठवणीत राहिले ते जोडीचेच.

त्या काळचे पंपही पाहण्यासारखे असत. काही पंपांच्या माथ्यावर गॅलनच्या खुणा असलेले काचेचे उंच नळकांडे असे. पंपवाला दांडा हलवून त्यात पेट्रोल चढवी, गिऱ्हाईक डोळ्यांनी माप पाही आणि मग ते आपल्या वजनाने नळीतून टाकीत उतरे. मापात लबाडी होईल हा संशय पंपाइतकाच जुना आहे. आपल्याकडे 'झिरो बघून घ्या' असे पंपावरचा मुलगा आजही सांगतो ते त्यापोटीच. पुढे आकडे दाखविणारे यंत्र आले तसे काचेचे नळकांडे गेले, पण त्याच्या शिखरावर बसविलेले, आतून उजळणारे दुधी काचेचे गोळे काही काळ राहिले. हेच गोळे आता संग्राहक मोठ्या किमती देऊन घेतात.

इमारतींचीही तीच गोष्ट. वस्तीच्या परिसरात तेलाचे दुकान लोकांना रुचेना, म्हणून प्युअर ऑइल, फिलिप्स यांसारख्या कंपन्यांनी उतरत्या छपरांची, धुराडे असलेली, घरकुलासारखी दिसणारी ठाणी बांधली. उत्तर कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे १९३० साली शेल कंपनीच्या विक्रेत्यांनी चक्क भल्यामोठ्या शिंपल्याच्या आकाराचा पंप उभारला. वॉशिंग्टन राज्यातील झिला या गावी १९२२ साली चहाच्या किटलीच्या आकाराचा पंप झाला. 'टीपॉट डोम' या नावाने गाजलेल्या, सरकारी तेलक्षेत्रांच्या भ्रष्टाचार प्रकरणावर ती कोपरखळी होती. अशा उपरोधिक इमारती जगात फार नसतील. १९३७ च्या सुमारास टेक्सॅकोसाठी वॉल्टर डॉर्विन टीग याने पांढऱ्या चकचकीत पत्र्याची, हिरव्या पट्ट्यांची चौकोनी रचना केली आणि मग एकाच साच्यातले पंप देशभर उभे राहिले.

या सर्व पंपांची कहाणी ज्या एका रस्त्याशी जोडली गेली तो म्हणजे शिकागोपासून कॅलिफोर्नियातील सांता मोनिकापर्यंत जाणारा ६६ क्रमांकाचा हमरस्ता. ११ नोव्हेंबर १९२६ हा त्याचा जन्मदिवस मानला जातो, म्हणजे २०२६ हे त्याचे शताब्दी वर्ष. लांबी सुमारे २,४०० मैल, वाटेत आठ राज्ये. ओक्लाहोमातील टल्सा शहराचे सायरस एव्हरी यांनी त्याचा आग्रह धरला होता. रस्ता शहरे टाळून न जाता गावोगावच्या मुख्य पेठेतून जात होता, हे त्याचे वैशिष्ट्य. त्यामुळे शेताच्या कडेला दोन पंप लावून, मागे चार खोल्या आणि पुढे चहा-फराळाची टपरी घालून एखाद्या कुटुंबाला संसार उभा करता येई. या रस्त्याचे नाव तेलाच्या व्यापारातही शिरले. १९२७ साली फिलिप्स कंपनीच्या माणसांची गाडी याच रस्त्यावर नव्या पेट्रोलवर ताशी ६६ मैलांच्या वेगाने धावली आणि त्यावरून त्या पेट्रोलला 'फिलिप्स ६६' हे नाव मिळाले, अशी हकीकत कंपनी सांगत आली आहे.

ओक्लाहोमात हायड्रो या गावाजवळ १९२९ साली बांधलेला एक पंप अजून उभा आहे. खाली पंपांवर छप्पर होईल असा पुढे आलेला वरचा मजला आणि त्या मजल्यावर मालकाचे बिऱ्हाड अशी त्याची रचना. १९४१ साली ल्यूसिल हॅमन्स आणि त्यांच्या पतीने तो घेतला आणि २००० साली मृत्यू येईपर्यंत ल्यूसिल तेथेच राहिल्या. रस्त्यावरून अडलेनडलेले लोक जात. पैसे संपलेले, टायर फाटलेले, पोटात अन्न नसलेले. बाई त्यांना पेट्रोल देत, प्रसंगी त्यांच्याजवळची एखादी वस्तू ठेवून घेत, कधी जुनी मोटारच विकत घेऊन त्यांना बसने पुढे पाठवीत. व्यवहार आणि दया यांच्या सीमारेषेवरचा हा उद्योग होता. पुढे शेजारून नवा महामार्ग गेला आणि बाईंच्या दारातून दिसणाऱ्या मोटारींना त्यांच्या दारात येण्याची सोय उरली नाही.

सारेच पंपवाले असे नव्हते. जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९ च्या कादंबरीत दुष्काळाने आणि कर्जाने उखडले गेलेले जोड कुटुंब याच रस्त्याने पश्चिमेकडे निघते. वाटेतल्या एका पंपावरचा स्थूल माणूस त्यांना पहिला प्रश्न विचारतो तो पैसे आहेत ना हा. त्याचे म्हणणे असे की, लोक येतात, पाणी वापरतात, घाण करतात आणि घेत काहीच नाहीत. वाचताना त्याचा राग येतो. पण लवकरच कळते की मोठ्या मोटारी शहरातल्या कंपनीच्या पिवळ्या, नव्या पंपांवर जातात आणि त्यांच्यासारखे दिसावे म्हणून या बिचाऱ्याने आपले पंपही पिवळे रंगविले आहेत. लवकरच तूही आमच्यासारखा रस्त्याला लागशील, असे टॉम जोड त्याला सुनावतो. जुन्या पंपांच्या उजाडपणाची कारणे पुढच्या काळात शोधणाऱ्यांनी हे प्रकरण अवश्य वाचावे. पंप बंद पडू लागले ते महामार्गामुळेच असे नाही. लहान पंपवाल्याच्या पायाखालची जमीन भरभराटीच्या काळातही सरकतच होती.

टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांच्या सीमेवरचे ग्लेनरिओ हे गाव या बाबतीत फार बोलके आहे. गाव एक, राज्ये दोन. न्यू मेक्सिकोत पेट्रोलवरचा कर जास्त, म्हणून पंप सारे टेक्सासच्या बाजूला. टेक्सासच्या त्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून गुत्ते सारे न्यू मेक्सिकोच्या बाजूला. तेथल्या एका मुक्कामगृहाच्या पाटीवर एका अंगाने 'टेक्सासमधले पहिले' आणि दुसऱ्या अंगाने 'टेक्सासमधले शेवटचे' असे लिहिलेले होते. सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना यातले काही नवे वाटणार नाही. टाकी कोणत्या राज्यात भरायची याचा हिशेब गोव्याच्या आणि बेळगावच्या वेशीवरही रोज होत असतो. १९७० च्या दशकात नवा महामार्ग गावाला बगल देऊन गेला आणि ग्लेनरिओ जवळजवळ ओस पडले. २००७ साली तेथील उरलेल्या इमारतींना ऐतिहासिक वारसास्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत स्थान मिळाले.

या नव्या महामार्गांचा कायदा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने २९ जून १९५६ रोजी झाला. ४१,००० मैलांचे जाळे विणायचे होते आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार उचलणार होते. हे रस्ते रुंद झाले, सरळ झाले, सुरक्षितही झाले. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यांवर कोठेही चढता-उतरता येत नाही. जुना रस्ता दारासमोरून जात असे आणि मोटारवाल्याने नुसते चाक वळविले की तो पंपाशी पोचे. नव्या रस्त्यावर ठरलेल्या ठिकाणीच बाहेर पडता येते आणि तेथे जागा घेण्याची ऐपत मोठ्या कंपन्यांचीच असते. हा साधा बांधणीतला फरक, पण शेकडो गावांच्या मुळावर आला. ॲरिझोनातील सेलिगमन गावाला २२ सप्टेंबर १९७८ रोजी बगल मिळाली. त्या दिवशी मोटारींची रांग जणू नळ बंद करावा तशी थांबली, अशी आठवण तेथील न्हावी एंजेल डेलगाडिलो यांनी पुष्कळदा सांगितली आहे. शेवटची बगल १९८४ च्या ऑक्टोबरात विल्यम्स गावाला मिळाली आणि २७ जून १९८५ रोजी ६६ हा क्रमांकच अधिकृतपणे रद्द झाला.

पंपांच्या ऱ्हासाला आणखीही कारणे होती. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखले तेव्हा अमेरिकेत दोन लाखांहून अधिक पंप होते. टंचाईत लहान विक्रेते आधी बुडाले. त्याच दशकात गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी रुजली आणि काच पुसणारा माणूस गेला. जमिनीखालच्या लोखंडी टाक्या गळून विहिरींचे पाणी नासू लागले होते, म्हणून १९८८ साली टाक्यांविषयी कडक नियम आले आणि त्यांच्या पूर्ततेसाठी १९९८ च्या डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. नव्या टाक्यांचा खर्च न झेपणाऱ्या कित्येकांनी त्याआधीच कुलूप लावले. म्हणजे ज्या पंपाच्या छायाचित्रापुढे माणसे हळवी होतात तो बऱ्याचदा गावचे पाणी बिघडवू नये म्हणून बंद झालेला असतो. पेट्रोलमध्ये १९२० च्या दशकापासून शिसे मिसळले जात होते आणि रस्त्यावरच्या मोटारींसाठी त्यावर पूर्ण बंदी यायला १९९६ साल उजाडले, हेही येथेच नोंदविलेले बरे.

मग ओढ कशाची? पेट्रोलची नव्हे, हे उघड आहे. एड रुशे या तरुण चित्रकाराने १९६३ साली 'सव्वीस गॅसोलिन स्टेशन्स' नावाचे पुस्तक काढले. लॉस एंजेलिसहून ओक्लाहोमा सिटी या आपल्या गावी जाताना-येताना टिपलेले पंप त्यात एकामागून एक छापलेले आहेत, वर्णनाची एक ओळही नाही. फक्त कंपनीचे आणि गावाचे नाव. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने हे पुस्तक परत पाठविले आणि रुशेने नकाराच्या तारखेसह त्याची जाहिरातच छापली. ग्रंथालयात काय ठेवावे आणि काय नको याचा वाद सनातन आहे. येथे ग्रंथपालांचा अंदाज चुकला एवढे खरे, कारण पुढे त्या पुस्तकाच्या प्रतींसाठी संग्रहालयांत चुरस लागली. गंमत अशी की रुशेचे पंप ओसाड नव्हते, चालू होते, आणि चित्रे मुद्दाम निर्विकार होती. त्यांत हळवेपणा भरला तो काळाने.

सेलिगमनच्या डेलगाडिलो यांनी १९८७ साली गावकऱ्यांना जमवून जुन्या रस्त्याच्या रक्षणासाठी संघटना काढली आणि त्यानंतर वाटेवरचे पंप एकेक करून उजळू लागले. इलिनॉयमधील ओडेल येथील १९३२ चा पंप दुरुस्त झाला. ड्वाइट गावचा १९३३ चा पंप १९९९ पर्यंत पेट्रोल विकत होता, तो आता प्रवाशांना माहिती देण्याचे काम करतो. टेक्सासमधील शॅमरॉक येथे १९३६ साली उभारलेल्या मनोऱ्याच्या पंपाचा पहिला आराखडा खिळ्याने मातीत ओढला होता अशी कथा आहे. २००६ साली निघालेल्या 'कार्स' या व्यंगचित्रपटातील एक इमारत त्यावरूनच घेतली आहे. दुरुस्त झालेले हे पंप सुरेख आहेत. पण रंग इतका ताजा, फरशी इतकी स्वच्छ, की हॉपरच्या चित्रासारखे तेही पुन्हा कोठेच नसलेल्या पंपाचे चित्र होऊन बसतात. ज्यांना खरे ओसाडपण पाहायचे असते ते अजून ग्लेनरिओलाच जातात.

आपल्याकडे या ओढीचे रूप निराळे आहे, कारण आपल्याकडे पंपावरचा माणूस नाहीसा झालेला नाही. नाहीशी झाली ती पाटी. एस्सोचा भारतातला व्यवसाय १९७४ साली सरकारने घेऊन हिंदुस्थान पेट्रोलियम झाले, १९७६ साली बर्मा-शेलचेही राष्ट्रीयीकरण होऊन पुढे त्याचे भारत पेट्रोलियम झाले आणि एका पिढीच्या तोंडी असलेली नावे रस्त्यावरून पुसली गेली. नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर असा जाणारा मुंबई-आग्रा रस्ता काय किंवा सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा जाणारा पुणे-बंगळूर रस्ता काय, दोन्हींवर बाह्यवळणे झाली तशी जुन्या वाटेवरच्या गावांची रया गेली, हे प्रवास करणाऱ्या मराठी माणसाने पाहिले आहे. मात्र त्याची नोंद फारशी कोणी केलेली नाही.

अमेरिकेत नोंद झाली, पण तीही पुरी नव्हे. तेथील कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी उघडा रस्ता कधीच पुरता उघडा नव्हता. कोठे पेट्रोल मिळेल पण शौचालय वापरता येणार नाही, कोठे थांबणेच धोक्याचे, हे आधी ठाऊक असावे लागे. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून यासाठी एक मार्गदर्शिका काढली. 'ग्रीन बुक' या नावाने ती ओळखली जाते. एस्सोच्या पंपांवर ती मिळत असे आणि कृष्णवर्णीयांना पंप चालवायला देणारी कंपनी म्हणून एस्सोचा त्या समाजात लौकिक होता. आपले पुस्तक काढण्याची गरज उरणार नाही असा दिवस यावा, ही इच्छा ग्रीन यांनी पुस्तकातच व्यक्त केली होती. नागरी हक्कांचा कायदा १९६४ साली झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत प्रकाशन थांबले. ग्रीन त्याआधीच, १९६० साली वारले होते.

ओक्लाहोमात ल्यूथर गावाजवळ थ्रेट कुटुंबाचा पंप आहे. ॲलन थ्रेट यांनी १९१५ च्या सुमारास तो आपल्या शेतजमिनीवर बांधला, म्हणजे ६६ क्रमांक पडण्याच्याही आधी. वालुकाश्माच्या भिंती, बंगलीवजा ठेंगणे छप्पर, दाराशी पंप. मालक कृष्णवर्णीय असल्याने या रस्त्यावर असा थांबा दुर्मीळ होता. तेथून काही मैल पश्चिमेला असलेल्या एडमंड गावच्या एका उपाहारगृहाच्या पोस्टकार्डावर, राहायला चांगले गाव, येथे निग्रो नाहीत, अशा अर्थाचा मजकूर १९४० च्या दशकात छापलेला असे. तो वाचून आलेल्या माणसाला थ्रेट यांच्या पंपावरचा दिवा काय वाटत असेल याची कल्पना करता येते. १९९५ साली पंपाची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. तरी मनोऱ्यांच्या आणि किटलीच्या पंपांची छायाचित्रे छापणाऱ्या पुस्तकांत त्याला जागा क्वचितच मिळे. २०२१ साली ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने देशातील अत्यंत धोक्यात असलेल्या ११ स्थळांची यादी जाहीर केली, तीत हा पंप होता. पंप आणि भोवतालची जमीन तोवर कुटुंबाकडेच होती आणि थ्रेट यांची नातवंडे तो पुन्हा उघडण्याच्या खटपटीत होती.